बर्फाच्या चहाची कुळकथा



चहा म्हटला की आपल्यापुढे उभे राहते ते चुलीवरचे आधण, आल्याचा वास आणि कपबशीतून निघणारी वाफ. गार झालेला चहा आपल्याकडे पाहुण्यापुढे ठेवत नाहीत. ठेवलाच तर पाहुणा मनात काय म्हणेल ते सांगायला नको. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया, अलाबामा, दक्षिण कॅरोलायना या राज्यांत गेलात, तर उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात पहिल्याप्रथम एक उंच काचेचा पेला येतो. त्यात काळा, बिनदुधाचा, चांगला गोड चहा, वर बर्फाचे खडे आणि कडेला लिंबाची फोड. कधी त्यात पीच नावाच्या फळाचा रसही असतो. याला ते लोक 'स्वीट टी' म्हणतात. आपल्या कोकणात आल्यागेल्यापुढे कोकम सरबत करतात, देशावर पन्हे करतात, तसेच हे समजा.

आता कोणी विचारील, सातासमुद्रापलीकडच्या या पेल्याशी आपले काय देणेघेणे? तर देणेघेणे आहे. त्या पेल्यात वस्तू असतात तीन : चहा, साखर आणि बर्फ. दोनशे वर्षांपूर्वी या तिन्ही वस्तू एका वेळी सामान्य माणसाच्या घरात असणे अशक्य होते. त्या एकत्र कशा आल्या ते पाहू लागलो की वाटेत आसामचे मळे लागतात, मुंबईचे बंदर लागते आणि पुष्कळ अनामिक माणसांचे कष्टही दिसतात.

आधी सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट सांगतो. सन १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. ३० एप्रिलपासून १ डिसेंबरपर्यंत ते चालले. भारतीय चहाचा प्रचार करण्यासाठी रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे गृहस्थ तेथे होते. गरम चहाचे पेले भरून ते लोकांना बोलवीत होते. पण उन्हाळा असा कडक की कोणी त्या बाजूला फिरकेना. तेव्हा वैतागून म्हणे त्यांनी चहात बर्फ ओतला, लोकांची झुंबड उडाली आणि बर्फाच्या चहाचा जन्म झाला!

गोष्ट छान आहे. तिच्यात अडचण आहे, युक्ती आहे, शेवटी फत्ते आहे. म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली आणि अनेक पुस्तकांत छापली गेली. पण इतिहासाचा पहिला नियम असा की गोष्ट किती गोड आहे हे पाहायचे नाही. तिच्या आधीचा कागद सापडतो का ते पाहायचे. आणि येथे तसे कागद सापडतात, एक सोडून तीन.

पहिला कागद १८९० सालचा. मिसूरी राज्यातील नेवाडा या गावी यादवी युद्धातील जुन्या दक्षिणी सैनिकांचा मेळावा भरला होता. तेथील वर्तमानपत्राने जेवणावळीचा हिशेब छापला. त्यात मांस, पाव, लोणची यांबरोबरच २,२२० गॅलन कॉफी आणि ८८० गॅलन बर्फाचा चहा लागल्याची नोंद आहे. ८८० गॅलन म्हणजे सुमारे ३,३०० लिटर. सेंट लुईच्या प्रदर्शनाला अजून १४ वर्षे अवकाश होता, आणि सेंट लुई याच मिसूरी राज्यात आहे. एवढा चहा एका मेळाव्यात खपतो, याचा अर्थ तो लोकांच्या चांगला परिचयाचा होता.

दुसरा कागद १८७९ सालचा. व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन कॅबेल टायरी या बाईंनी शेजारपाजारच्या गृहिणींकडून कृती गोळा करून एक पाकपुस्तक छापले. त्यात बर्फाच्या चहाची सविस्तर कृती आहे. चहा हिरवा घ्यायचा, रात्रीच्या जेवणाला हवा असेल तर सकाळी न्याहारीच्या वेळीच भिजवायचा, न ढवळता गाळायचा, गाळ खाली बसू द्यायचा, मग बर्फ आणि साखर घातलेल्या पेल्यांत ओतायचा. वर लिंबू पिळले तर चहाचा तुरटपणा कमी होतो, हेही तिने सांगितले आहे. म्हणजे चहात फळाचा रस घालण्याची रीत तेव्हापासूनची तरी आहेच.

तिसरा कागद त्याहून ४० वर्षे जुना, १८३९ सालचा. लेटिस ब्रायन या बाईंच्या केंटकीतल्या पाकपुस्तकात चहाचे 'पंच' आहे. कडक चहा, भरपूर साखर, साय आणि द्राक्षाची दारू यांचे हे मिश्रण गरम द्यावे किंवा अगदी गार द्यावे, असे तिने लिहिले. मुलाबाळांनी प्यायचे हे पेय नव्हे. बड्या घरच्या मेजवानीतले ते. पण गार चहाची कल्पना किती जुनी आहे ते यावरून कळते.

तेव्हा ब्लेचिंडनसाहेबांनी बर्फाचा चहा शोधून काढला नाही, हे उघड आहे. मग तो शोधला कोणी? खरे सांगायचे तर हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. 'पहिला कोण' असे विचारण्यापेक्षा 'हे शक्य कशामुळे झाले' असे विचारले की इतिहास बोलू लागतो. चला तर, एकेक वस्तू घेऊ.

प्रथम बर्फ. यंत्र नव्हते त्या काळी बर्फ शेतातल्या पिकासारखा कापून आणावा लागे. अमेरिकेच्या उत्तरेकडे बोस्टनच्या आसपास हिवाळ्यात तळी गोठतात. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या एका तरुण व्यापाऱ्याच्या मनात आले की हा फुकटचा बर्फ उष्ण देशांत नेऊन विकावा. १८०६ मध्ये त्याने मार्टिनिक बेटावर पहिले गलबत पाठवले. लोक त्याला हसले. बर्फ बराचसा वितळला, तो कर्जात बुडाला. पण त्याने धंदा सोडला नाही. बर्फाभोवती लाकडाचा भुसा दाबून भरला की तो महिनोन् महिने टिकतो, हे हळूहळू त्याला उमगले. नॅथॅनिएल वायेथ याने घोड्याने ओढायचा बर्फ कापणारा नांगर तयार केला आणि एकसारख्या चौकोनी लाद्या निघू लागल्या. लाद्या चौकोनी असल्या की गलबतात फटी न ठेवता रचता येतात आणि कमी वितळतात. साधी गोष्ट, पण सगळा धंदा तिच्यावर उभा राहिला.

१८३३ मध्ये ट्यूडरचे 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. तरी सप्टेंबरात पोहोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, हा बर्फ मुंबईला आला. दानशूर म्हणून नाव असलेले जमशेटजी जीजीभाई यांच्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम मिळाले, आणि खाणारांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली, असे मुंबईच्या इतिहासात सांगतात. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर याच बर्फासाठी १८४२ मध्ये एक गोल इमारत बांधली गेली. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद परदेशातून परत आल्यावर त्याच इमारतीत राहिले होते. ती आजही तेथे उभी आहे आणि स्वामीजींच्याच नावाने ओळखली जाते.

हेन्री थोरो हा अमेरिकेचा विचारवंत वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्या तळ्याचा बर्फ कापणारे मजूर त्याने पाहिले. १८५४ च्या आपल्या ग्रंथात त्याने त्यांचे वर्णन केले, आणि हे पाणी कोठे कोठे पोहोचणार ते सांगताना अमेरिकेतील चार्ल्सटन व न्यू ऑर्लीन्स यांच्याबरोबर मुंबई, मद्रास, कलकत्ता यांचीही नावे घेतली. म्हणजे चार्ल्सटनचा धनिक आणि मुंबईचा शेठ एकाच प्रदेशातल्या तळ्यांचे पाणी पीत होते. गरिबाच्या वाट्याला मात्र तो बर्फ ना येथे आला ना तेथे.

आता साखर. अमेरिकेच्या दक्षिणेत लुइझियाना राज्यात उसाचे मोठे मळे होते. तो ऊस लावणारी, तोडणारी, गाळणारी माणसे गुलाम होती. आपल्याकडे ऊसतोडीचे कष्ट काय असतात ते आपणांस ठाऊक आहे. तेच काम, मजुरीवाचून, चाबकाखाली आणि जन्मभर करायचे. शिवाय आपली मुले दुसऱ्याच्या मालकीची! १८६० मध्ये अमेरिकेत असे सुमारे ४० लाख गुलाम होते. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. त्याआधीच्या मोठ्या घरांतून गोड पंचाचे पेले फिरत, तेव्हा स्वयंपाकघरात राबणारे हातही बहुधा गुलामांचेच असत. पाकपुस्तकावर नाव छापले गेले ते घराच्या मालकिणीचे. दक्षिणेच्या पाहुणचाराचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवता येणार नाही.

याच सुमारास बर्फाच्या इतिहासात एक डॉक्टर येतो. फ्लोरिडातील अपलाचिकोला या बंदरगावी जॉन गॉरी नावाचे वैद्य होते. तापाने फणफणलेल्या रोग्यांची खोली गार करावी म्हणून ते छताला बर्फाचे भांडे टांगत. पण उत्तरेचे जहाज आले नाही तर बर्फ आणायचा कोठून? त्यांनी हवा दाबून व मोकळी सोडून बर्फ करणारे यंत्र रचले, आणि ६ मे १८५१ रोजी त्याचे पेटंट मिळवले. देवाने तळ्यात गोठवलेला बर्फ सोडून माणसाने यंत्रात बर्फ करावा, हे तेव्हा लोकांना पटेना. भांडवल मिळाले नाही आणि १८५५ मध्ये डॉक्टर गरिबीत वारले. आज अमेरिकेच्या संसदभवनात फ्लोरिडा राज्यातर्फे त्यांचा पुतळा उभा आहे. पुतळा १९१४ मध्ये बसला. माणूस जाऊन तोवर ५९ वर्षे झाली होती.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांचे युद्ध झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि तळ्यांचा बर्फ येणे बंद पडले. तेव्हा दक्षिणेच्या लोकांनी फ्रान्समधील फर्डिनांड कारे याची बर्फ करण्याची यंत्रे नाकेबंदी चुकवून आणली. युद्ध संपल्यावर दक्षिणेत बर्फाचे कारखाने निघाले. बर्फ गावोगाव, थोड्या पैशांत मिळू लागला. १८७९ चे पाकपुस्तक आणि १८९० चा तो मेळावा यांचा उगम येथे आहे. बर्फ स्वस्त झाला, म्हणून बर्फाचा चहा घरोघर गेला. त्यासाठी कोणा एका हुशार माणसाला वैताग यावा लागला नाही.

राहिला चहा. अमेरिकेत त्या काळी चीन व जपानचा चहा फार खपे, आणि त्यात हिरवा पुष्कळ. आसामातला चहा लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला तो १८३९ मध्ये. पुढे हिंदुस्थान व सिलोन येथे काळ्या चहाचे पीक अमाप वाढले आणि त्याला गिऱ्हाईक शोधण्याची गरज पडली. १९०३ मध्ये भारत सरकारने कायदा करून निर्यातीच्या चहावर कर बसवला. त्या पैशातून चहाचा प्रचार होई. ब्लेचिंडनसाहेब सेंट लुईला काम करीत होते ते हेच. लाखो लोकांपुढे भारतीय काळा चहा बर्फ घालून मांडला आणि त्याला लोकप्रियता मिळवून दिली, एवढे श्रेय त्यांना जरूर द्यावे. शोधाचे नव्हे, प्रचाराचे.

पण त्या चहाच्या पानांमागे कोण होते? छोटा नागपूर आणि आसपासच्या मुलखांतून करारावर आसामात नेलेले मजूर. करार मोडून काम सोडले तर कायद्याने कैद होई. मळ्यांत हिवतापाने, पटकीने माणसे मरत. पेल्यातली साखर गुलामांची होती, तर चहा या बांधलेल्या मजुरांचा होता, असेच म्हणावे लागते. प्रदर्शनाच्या गोष्टीत ब्लेचिंडनसाहेब आहेत. या मजुरांचा तेथे पत्ताही नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान व चीनकडून हिरवा चहा येणे थांबले आणि अमेरिकेला काळ्या चहावरच भागवावे लागले. तो मुख्यतः हिंदुस्थान व सिलोनचा. युद्ध संपले तरी सवय तशीच राहिली. आज अमेरिकेत जो चहा पितात त्यातला बहुतांश बर्फ घालूनच पितात.

फळांचेही थोडे सांगितले पाहिजे. लिंबू आधीपासून होते. पीचची ख्याती जॉर्जियाची. तेथील सॅम्युअल रम्फ या शेतकऱ्याने १८७० नंतरच्या दशकात 'एल्बर्टा' ही नामांकित जात काढली. नाव दिले आपल्या पत्नीचे. पीच हे नाजूक फळ, दोन दिवसांत मऊ पडते. रम्फने ते बर्फात थंड ठेवून न्यूयॉर्कपर्यंत पाठवण्याची सोय केली. ज्या बर्फाने चहा गार केला, त्यानेच फळबागायतदाराला दूरची बाजारपेठ दिली. आपल्या आंबा-द्राक्षवाल्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

आता हा चहा घरी कसा करावा? शास्त्र समजले की कृती चुकत नाही. पहिली गोष्ट, साखर गरम चहातच विरघळवावी. साधारण खोलीच्या उष्णतेला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून अधिक. थंड पाण्यात ती विरघळते, पण फार सावकाश. बर्फाच्या पेल्यात टाकलेली साखर तळाशी बसून राहते. दुसरी गोष्ट, चहा उकळत ठेवू नये. उकळला की कडू-तुरट अंश जास्त उतरतो. तिसरी गोष्ट, कडक चहा एकदम फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळ होतो. त्यातील तुरट द्रव्ये व कॅफिन थंडीत एकमेकांना धरून वेगळी होतात. चहा बिघडला असे समजू नका. थोडे गरम पाणी घातले की निवळतो.

चार-पाच माणसांसाठी पाव लिटर पाणी उकळून खाली उतरवावे, चार लहान चमचे चहापत्ती टाकून पाच मिनिटे झाकून ठेवावी. दक्षिणेकडच्या गृहिणी त्यात खाण्याच्या सोड्याची अगदी चिमूट टाकतात, तुरटपणा मरतो. मग गाळून त्यात सात-आठ मोठे चमचे साखर विरघळवावी आणि उकळून गार केलेले पाऊण लिटर पाणी ओतावे. आपोआप निवला की फळाचा रस घालावा. पीच नसले म्हणून अडत नाही. लिंबू, संत्रे, अननस, जांभूळ यांतले घरी असेल ते गाळून घ्यावे. लिंबू पिळताच चहाचा रंग फिका होतो. आंबट पडले की काळ्या चहाचा रंग उतरतो, हा वर्गात दाखवण्यासारखा प्रयोग आहे. कोकमाचा स्वाद हवा असेल तर साखरेचे अमृत कोकम वापरावे. आगळात मीठ असते, त्याने गोडी बिघडते. आणि दूध मात्र नको. फळाच्या आंबटाने ते फाटते.

दोन सूचना जिवाच्या आहेत. बर्फ स्वच्छ पाण्याचा, घरी केलेला असावा. माल थंड ठेवण्यासाठी विकला जाणारा बर्फ पोटात जाऊ नये म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये त्याला निळसर रंग देण्याचा नियम झाला. तसा बर्फ पेल्यात कधीही घालू नये. आणि साखर बेताची. वर सांगितलेल्या मापाने एका पेल्यात २० ग्रॅमच्या आसपास साखर जाते. मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला आहे. म्हणजे एक पेला म्हणजे जवळजवळ दिवसाची साखर. अमेरिकेची ही चाल घ्यायची तर गोडी अर्ध्यावर आणूनच घ्यावी.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. हा पाठ वर्गात घ्यायचा झाला तर आधी १९०४ ची गोष्ट सांगा. मग १८९०, १८७९ आणि १८३९ या तीन नोंदी फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, आता त्या गोष्टीचे काय करायचे? मुले बरोबर सांगतील. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारा : या पेल्यासाठी कोणाकोणाचे हात लागले? तळ्यावरचा बर्फकाप्या, लुइझियानाचा गुलाम, आसामातली पाने खुडणारी बाई, गरिबीत गेलेला डॉक्टर, पाकपुस्तक लिहिणारी गृहिणी. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. ज्याचे नाव छापले गेले त्याला पहिला म्हणायचे ही आपली सोय झाली. बाकीच्यांचा हिशेब मांडणे हे इतिहासाचे काम आहे. आपल्या गावातली विहीर, बंधारा, शाळेची इमारत यांनाही मुलांनी हेच दोन प्रश्न विचारावेत. जुनी माणसे हयात आहेत तोवर उत्तरे मिळतील.